मुठींचा पूल
व्हेनिसच्या दोर्सोदुरो भागात सान बार्नाबा कालव्यावर एका कमानीचा छोटा दगडी पूल आहे. नाव पोंते देई पुन्यी, म्हणजेच मुठींचा पूल. माथ्यावर पांढऱ्या इस्त्रियन दगडात पावलांचे चार ठसे बसवले आहेत. या पुलाने कीर्ती मिळवली ती माणसे जोडून नव्हे, झुंजवून.

शहरातली कष्टकरी वस्ती दोन तटांत विभागलेली होती. पूर्वेकडचे कास्तेल्लानी; आर्सेनाले या सरकारी गोदीतले कामगार त्यांचा कणा. पश्चिमेकडचे निकोलोत्ती, त्यांचे पुढारपण सान निकोलोच्या कोळ्यांकडे. दोन्ही तट पुलांवर भिडत. आधी हत्यारे होती वेताच्या टोकदार काठ्या. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला, तेव्हा त्याच्या मनोरंजनासाठी अशी लढत जवळच्याच कार्मिनी पुलावर लावली होती. पुढे काठ्या मागे पडून मुठी आल्या आणि सतराव्या शतकात सान बार्नाबाचा पूल मुख्य आखाडा ठरला.

सुरुवातीला माथ्यावरच्या ठशांच्या जागी उभे राहून कुस्तीच्या जोड्यांसारख्या एकास एक लढती होत. समोरच्याचे रक्त काढले किंवा त्याला पाण्यात लोटले की डाव जिंकला. कठडा नव्हताच, त्यामुळे दुसरा प्रकार सोपा. मग दोन्हीकडचे जमाव एकमेकांवर तुटून पडत आणि पुलाचा माथा कोण काबीज करतो यावर निकाल लागे. होड्या, सज्जे, छपरे प्रेक्षकांनी भरून जात. उमराव पैजा लावत, आपापल्या तटाला चिथावत. बंदीचे हुकूम निघत. पण वरचेच लोक प्रेक्षकांत बसलेले, मग अंमल करणार कोण?

२९ सप्टेंबर १७०५ रोजी याच पुलावर ठोशांवरून गोष्ट दगडांवर आणि चाकूंवर गेली. त्याच वेळी सान जिरोलामोच्या चर्चला आग लागली होती आणि लढत सोडून विझवायला जायला कोणी तयार नव्हते. त्यानंतरची बंदी मात्र टिकली. दोन्ही तटांची ईर्षा मग होड्यांच्या शर्यतींत आणि माणसांचे मनोरे रचण्यात जिरली.

कठडे पुढे व्हेनिसच्या जवळजवळ सगळ्याच पुलांना बसले. पोंते कियोदोसारखे एखाददुसरेच बिनकठड्याचे उरले. मुठींच्या पुलालाही कठडा आला, पण ठसे राखले गेले. शेजारी भाजीची होडी लागते, पर्यटक ठशांवर पाय ठेवून फोटो काढतात. ज्या दंग्यावर सरकारने वारंवार बंदी घातली, त्याच्याच खुणा आज शहर हौसेने दाखवते.