चेहऱ्यामागचं हाड

माणूस ओळखला जातो चेहऱ्यानं. हा चेहरा नव्यानं घडवण्याची कला आपल्या पुणे परिसरात जुनी आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या एका मराठी गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक बसवल्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली होती. पण कातडीखालचं हाडच जन्मतः नीट घडलेलं नसेल तर?

असा एक विकार फ्रेंच डॉक्टर क्रुझाँ यांनी १९१२ मध्ये नोंदवला. त्यात कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, चेहऱ्याचा मधला भाग मागं राहतो, डोळे खोबणीबाहेर आल्यासारखे दिसतात. श्वासही अडतो. इंग्लंडच्या हॅरॉल्ड गिलिज यांनी असा चेहरा शस्त्रक्रियेनं पुढं आणला. पण तो पुन्हा मागं सरकला.

हे कोडं सोडवलं फ्रान्सच्या पॉल टेसिए यांनी. पॅरिसहून रेल्वेनं नांत शहरी जाऊन त्यांनी शवांवर सराव केला. पुढं आणलेल्या हाडामागच्या फटीत त्यांनी रोग्याच्याच शरीरातलं हाड भरलं. चेहरा जागी टिकला! १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं आणि एक नवी शाखा जन्माला आली.

पण बरगडीचं किंवा कमरेचं हाड काढायचं म्हणजे दुसरी जखम आली. लहान मुलात हाड तरी किती मिळणार? शिवाय बसवलेलं हाड काही अंशी विरघळतं. म्हणून कृत्रिम पदार्थांचा शोध सुरू राहिला. ड्रीसमन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्येच हाडातल्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. पुढं हायड्रॉक्सिअॅपटाइट आलं. आपल्या हाडातलंच हे खनिज समुद्रातल्या पोवळ्यापासूनही बनवतात, कारण पोवळ्याच्या छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरू शकतात. सच्छिद्र पॉलिएथिलीनचे तुकडेही गालाच्या आणि डोळ्याच्या कडेला बसवले जाऊ लागले.

मात्र एक अडचण उरतेच. मूल वाढतं, कृत्रिम हाड वाढत नाही. नाकाजवळ त्यात जंतुसंसर्गाचीही भीती असते. म्हणून वाढत्या वयात सर्जन शक्यतो मुलाचंच हाड वापरतात.

आपल्याकडे अशा मुलाच्या आईला अजूनही विचारतात, ग्रहणात काय चिरलं होतंस? क्रुझाँच्या विकारामागचा जनुकातला बदल १९९४ मध्येच सापडला आहे. त्यात ग्रहणाचा दोष नाही आणि त्या माउलीचा तर नाहीच नाही. मूल लपवू नका, वेळेवर डॉक्टरांना दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)