आटपाडी महालाची दावण

औंध संस्थानाच्या आटपाडी महालात पर्जन्याचा भरवसा कोणत्याही पिढीने धरला नाही, आणि म्हणूनच येथील रयतेने आपली खरी दौलत शेतापेक्षा दावणीला अधिक बांधून ठेवली. खिलार बैलाच्या एका प्रकारास पशुवैद्यकाच्या ग्रंथांतून ‘आटपाडी महाल’ हेच नाव पडले, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषी यात्रा ही देवाची तितकीच खोंडांचीही यात्रा ठरली. अशा मुलखात गुरांची साथ आली म्हणजे नांगर, मोट, गाडी आणि सावकाराच्या दारची पत ही सारी एकदमच बसत.

साथींत सर्वांत भयंकर बुळकांड्या. आधी ताप, मग डोळ्यानाकांतून स्राव, तोंडात व्रण, आणि शेवटी न थांबणारी हगवण. आठवड्या-दीड आठवड्यात धडधाकट बैल दावणीतच आडवा होई. गावकरी मरीआईचा गाडा शिवेपार नेत, पण घरातील जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नसे. हळद, लसूण, ओवा, कडुनिंबाचा पाला ही सामग्री गुळात कुटून आंबोणात कालवली जाई. जनावर तोंड लावीना, तर काढा करून बांबूच्या नळीने पाजीत. एकाने वेसण धरून मुंडके बेताने वर करायचे, दुसऱ्याने जबड्याच्या कडेने नळी सारायची, आणि प्रत्येक घोट गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा ओतायचा; कारण हात घाई करील तर काढा फुप्फुसात उतरून औषधानेच जनावर दगावते. हे कसब दप्तरात नमूद नाही. मेलेल्या गुरांचा आकडा सरकारने मागितला, जगवणाऱ्या हाताची कैफियत कोणी लिहून घेतली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्रज सरकारने नेमलेल्या गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. १८८९ साली पुण्यात रोगजंतूंची प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती कुमाऊँतील मुक्तेश्वरास हलवण्यात आली. १८९७ साली तेथे खुद्द रॉबर्ट कॉख येऊन गेले. तेथेच पुढे एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली, १९५४ साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि २०११ साली बुळकांड्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. हा विजय लसीचाच. कडुनिंबाला त्याचे श्रेय देणे म्हणजे कडुनिंबाचाही अपमान होय. वनस्पतींनी साथ हटवली नाही. दावणीच्या जनावराची भूक, पचन आणि अंगातली ताकद राखण्याचे काम मात्र त्या करीत, आणि रोज गव्हाणीपाशी बसणाऱ्या माणसाला पहिले मलूल जनावर पहिल्याच दिवशी ओळखू येई, हा लाभही थोडा नव्हता.

२०२२ साली लम्पी चर्मरोग महाराष्ट्रभर पसरला, गुरांचे बाजार बंद झाले. हाताशी लस होती ती शेळ्यांच्या देवीची. त्या दिवसांत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशुपालकांपुढे जो उपचार ठेवला, तो कोणाही आजीने ओळखला असता: दहा विड्याची पाने, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ, वाटून पहिल्या दिवशी दर तीन तासांनी, पुढे दोन आठवडे दिवसातून तीनदा. नवे होते ते वजन आणि वेळापत्रक; आणि परंपरेला नेमकी त्याचीच उणीव होती.

वनस्पती खाद्यातून मोजून देण्याचा हाच विचार आता पाण्यातल्या पशुपालनातही शिरला आहे. कोळंबीला गुरांसारखी लस देऊन भागत नाही, कारण रोग लक्षात ठेवणारी तशी प्रतिकारयंत्रणाच तिच्या शरीरात नाही. तळ्यात एकेकीला टोचणे तर अशक्यच. म्हणून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाविरुद्ध जे काही द्यायचे ते खाद्यातूनच द्यावे लागते. तमिळनाडूतील संशोधकांनी वाघ्या कोळंबीच्या खाद्यात हरळीचा अर्क मिसळून पाहिला आणि प्रयोगशाळेच्या टाक्यांत तिला त्या विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचे नोंदवले. टाकीत साधले ते उघड्या तळ्यात साधेलच असे नाही, आणि किती दिवस, किती मात्रेने, हे प्रश्न तेथेही सोडवावे लागतात. आटपाडीच्या शेतकऱ्याने मात्र ही हरळी आजवर कुळवाने उपटून बांधावर टाकली, आणि बांधावर चरणाऱ्या खिलारांनी ती खाल्ली.