फाटकात बसलेली नायिका

आमच्या भोरच्या राजवाड्यात शूटिंग लागलं की नटीला बघायला गर्दी लोटते. तिच्या कराराचं, पगाराचं कोण विचारतंय? मला मात्र तेव्हा शांता आपटे आठवतात. 'प्रभात'च्या 'कुंकू'त (१९३७) फसवून लावलेलं म्हाताऱ्याशी लग्न नाकारणारी नीरा त्यांनी उभी केली, गाणीही स्वतःच गायली. १९३९ मध्ये कंपनीशी करारावरून बिनसलं, तेव्हा ही बाई पुण्यात स्टुडिओच्या फाटकातच उपोषणाला बसली! पुढे तमिळ शिकून १९४१ च्या 'सावित्री'त त्या सावित्री झाल्या. नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पडद्यावरचं बंड आपण डोक्यावर घेतो. तीच बाई हक्काचं मागायला फाटकावर आली, की हट्टी ठरते. खरं की नाही?