अक्षयनीवी : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील भुकेची कहाणी



जुन्नर म्हटले की आपणांस शिवनेरी आठवतो आणि आंबेगाव म्हटले की भीमाशंकर. या दोन तालुक्यांचा इतिहास किल्ल्यांतून आणि देवळांतून पुष्कळ सांगितला गेला आहे. आज मी तो थोडा निराळ्या बाजूने सांगणार आहे. या डोंगरात माणसे उपाशी का राहत, आणि ती उपाशी राहू नयेत म्हणून कोणी काय केले, हा आजचा विषय. दानधर्माची गोष्ट आहे. पण दान कसे करावे, हाच तिच्यातला खरा प्रश्न आहे.

प्रारंभ लेण्यांपासून करू. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत राजेरजवाड्यांपेक्षा साधी माणसे अधिक भेटतात. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात एका शक उपासकाने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी लावून दिले आहे. वेळूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे, यांच्याही श्रेणींकडे ठेवी ठेवलेल्या दिसतात.

याच काळातील नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. या ठेवीला लेखात शब्द आहे ‘अक्षयनीवी’. मुद्दल कधी मोडायचे नाही. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरज भागवायची. हा शब्द आपण लक्षात ठेवू. एकदा वाटून संपते ते दान वेगळे, आणि दरसाल पुरते ते वेगळे, हा भेद आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता.

आता डोंगराकडे चला. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कण्याला लागून आहे. तेथे मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती, आणि जागोजाग कातकरी. पाऊस अतोनात, पण जमीन उताराची. माती वाहून जाते, पाणी ठरत नाही. म्हणून उतारावर नाचणी आणि वरई, आणि जेथे चार हात सपाट जागा असेल तेथे भात. पीक घरात येते ते दिवाळीच्या सुमारास. कणगी भरते, लग्नकार्ये होतात, बाजार होतो. आणि आषाढ लागता लागता कणगीचा तळ दिसू लागतो.

पूर्वेकडील कोरड्या गावांत दुष्काळ पाऊस न पडल्याने येतो. येथे भूक पाऊस पडत असताना येते, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. आषाढ-श्रावणात झड लागलेली, ओढे दुथडी भरलेले, मजुरी नाही, आणि नवे पीक अजून दोन-तीन महिने लांब. मग कुर्डू, भारंगी, टाकळा अशा रानभाज्या, आणि कडवटपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा उकळलेले कंद. हे दिवस काढण्यासाठी सावकाराकडून जे धान्य उसने आणायचे, त्याला नाव ‘खावटी’. सुगीत ते वाढीदिढीने परत करायचे. म्हणजे पीक खळ्यावर येण्याच्या आधीच त्यातला वाटा दुसऱ्याचा झालेला असे.

या खावटीतूनच एक बंड उभे राहिले. आंबेगावातील जांभोरीचे होनाजी भागोजी केंगले यांनी १८७३ पासून सावकारांविरुद्ध हत्यार उचलले. त्यांच्या टोळीने कित्येक सावकारांची नाके कापली आणि कर्जाचे कागद हिसकावून घेतले. १८७६ साली सरकारने त्यांना पकडले. सरकारी कागदांत ही हकीकत दरोडेखोरीची म्हणून लिहिली आहे. पण डोंगरी लोकांना सावकार फसवीत आणि छळीत, हे त्याच कागदांनी कबूलही केले आहे.

त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला त्याची झळ अधिक लागली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत, म्हणजे अर्ध्या शेराच्याही आत, उतरविले. मजुरांनी कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गावोगावची माहिती गोळा करून तिने ती सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाला घासभर अन्न देणारे पुष्कळ असतात. त्याच्या उपासाचा हिशेब मागणारी संस्था आपल्याकडे बहुधा हीच पहिली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम झाले. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव गाठीशी घेऊन महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, असे त्याचे सूत्र.

आता आपल्या तालुक्यांत परत येऊ. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे बांधली गेली. यांपैकी डिंभे हे आंबेगावात घोड नदीवर आहे. सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. जलाशयाला महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. या प्रकल्पाच्या पाण्याने शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा येथील कोरडी शेते भिजली. तेथील पिढ्यान् पिढ्यांची भूक हटली, हे नाकारून चालणार नाही. परंतु वरच्या अंगाला सुमारे दोन डझन गावांना पाणी लागले. काही पुरती बुडाली, काहींची शेते गेली. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते गावच पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, आणि नावाचे गाव जलाशयाच्या तळाशी!

घर गेले, भाताचे खाचर गेले, आणि उरला तो उतार. कित्येक कुटुंबे खाली लाभक्षेत्रात न जाता डोंगरातच वर सरकून राहिली. कातकऱ्यांची तर आधीच स्वतःची जमीन नव्हती. मग बुडाल्याची भरपाई तरी कशाची मागणार? अशा वेळी कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या भागात लोकांबरोबर काम सुरू केले. त्यातून ‘शाश्वत’ ही संस्था उभी राहिली. या संस्थेच्या कामाची रीत शिक्षकमंडळींनी मुलांना अवश्य समजावून सांगावी, अशी आहे.

पहिली गोष्ट पडकईची. ही या डोंगरातली जुनीच रीत. उतारावरचे धोंडे गोळा करायचे, आडवी दगडी ताल रचायची, तिच्या मागे माती भरून पट्टी सपाट करायची. मग पाणी ठरते आणि जेथे वरई होत होती तेथे भात होतो. काम एकट्याचे नव्हे. आज सगळ्यांनी तुमच्या शेतावर, उद्या माझ्या. ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. पण घरात दाणा नसेल तर माणूस स्वतःच्या शेतावर राबणार कसा? त्याला आधी मजुरीला जावे लागते. ‘शाश्वत’ने येथे नेमके बोट ठेवले. आपल्याच शेतावरच्या पडकईला रोजगार हमीची मजुरी मिळावी, असा आग्रह तिने धरला. आजची चूल मजुरीवर पेटते आणि उद्याचे भात तालीमागे तयार होते.

दुसरी गोष्ट गाळपेराची. उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली सोडले की काठची गाळाची जमीन उघडी पडते. बुडालेल्या माणसाचीच ती जमीन; पण तेथे पेरण्याचा हक्क मागून घ्यावा लागला. तिसरी मासेमारीची. जलाशयातल्या मासळीवर पहिला हक्क ज्यांची गावे त्या पाण्यात गेली त्यांचा, या भूमिकेतून आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. या साऱ्या कामासाठी २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मात्र गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धी राहील. पुढे शासनाने पडकई हा सरकारी कार्यक्रम म्हणून हाती घेतला, आणि कित्येक ठिकाणी माणसांच्या हातांऐवजी यंत्रे आली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. कडा मुळात ठिसूळ होता की यंत्रांनी उतार उकरल्याने सैल झाला, यावर पुष्कळ वाद झाला. पावसाचा मारा हे मोठे कारण होते, हे खरेच. तरीही एक गोष्ट उरते. हातांची पडकई दरसाल थोडी थोडी पुढे सरकते. धोंडा कोठे हलवायचा आणि कोठे नाही, हे जुन्या माणसाला माहीत असते. यंत्राला ती सवड नसते. वाचलेल्यांसाठी २०१७ साली नवे माळीण वसले. घरे पक्की झाली. माणसे मात्र परत आली नाहीत.

आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे शिधापत्रिकेवर धान्य मिळते, शाळेत दुपारचे जेवण मिळते. खावटीची जुनी धार त्यामुळे बोथट झाली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण शिधा कागदावर येतो, आणि ज्याच्यापाशी घराचा उतारा नाही, राहण्याची जागा स्वतःची नाही, त्याचा कागदच आधी अडतो. कातकरी वस्तीवर जाऊन पाहा, म्हणजे कळेल.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या शाळेतील मुलांना एक काम सांगा. घरच्या आजीला विचारून यायचे : तिच्या लहानपणी कणगी कोणत्या महिन्यात रिकामी होई, तेव्हा घरात काय शिजे, आणि खावटी कोण देई. उत्तरे वहीत उतरवून घ्या. हा इतिहास कोणत्याही शिलालेखात नाही, आणि त्या आजी फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.

आणि गावात दान करण्याचा प्रसंग आला, तर धान्य वाटाच. उपाशी माणसापुढे तत्त्वज्ञान सांगू नये. मात्र वाटून झाल्यावर एवढा प्रश्न जरूर विचारा, की पुढच्या आषाढात या घरात काय असेल? दगडी ताल, गाळपेराचा हक्क, जलाशयातली होडी, राहत्या जागेचा उतारा, ही आपल्या काळातली अक्षयनीवी आहे. तिचे मुद्दल मोडू न देणे आपल्या हाती आहे.