आरोग्य योजनांचे नामांतर आणि मराठवाड्यातील रुग्ण

लोककल्याणकारी राज्यात आरोग्यावरील शासकीय खर्च हा पक्षीय राजकारणाचाही विषय ठरतो. महाराष्ट्रात १९९७ मध्ये शिवसेना-भाजप युती शासनाने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी शासनाने २ जुलै २०१२ रोजी तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातील एकटा नांदेड होता. औरंगाबादसह (आताचे छत्रपती संभाजीनगर) उर्वरित जिल्ह्यांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ मध्ये युती शासनाने योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. २०२३ मध्ये दीड लाखाचे वार्षिक कुटुंब-संरक्षण पाच लाख करण्याचा निर्णय झाला.

लक्षणीय बाब अशी की, पक्षांनी नावे बदलली. परंतु शासनाने पैसे द्यावेत व अंगीकृत शासकीय-खासगी रुग्णालयांनी उपचार करावेत, या सूत्रावर त्यांचे एकमत राहिले. या सूत्रामुळे गरीब कुटुंबास हृदयशस्त्रक्रिया शक्य झाली, हे निर्विवाद होय. तथापि बाह्यरुग्ण विभागातील रोजचे उपचार या सूत्रात सामावत नाहीत. ती जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘घाटी’ रुग्णालयासारख्या संस्थांवरच राहते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने (२०१७) राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. सारांश, योजना कोणाच्या नावाची, यापेक्षा सार्वजनिक रुग्णालयांसाठी तरतूद किती, हाच आरोग्यधोरणाच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.