महावितरणचे खासगीकरण झाले आहे का? कोपरखैरणेच्या वीजबिलामागची गोष्ट

कोपरखैरणेत येणारे घरगुती वीजबिल महावितरणचे असते, तरी अनेक जण त्याला आजही 'एमएसईबीचं बिल' म्हणतात. प्रत्यक्षात त्या मंडळाचे विभाजन २००५ मध्येच झाले. मग ही कंपनी सरकारी की खासगी?

मंडळाच्या चार कंपन्या

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. वीज तयार करणे, वाहून नेणे आणि घरोघरी पोहोचवणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे होती. वीज कायदा २००३ नुसार ही कामे वेगळी करण्यात आली. ६ जून २००५ पासून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. कंपनी म्हटले की खासगी, असा समज होतो. पण या चारही कंपन्या राज्य सरकारच्याच मालकीच्या राहिल्या.

फ्रँचायझी म्हणजे काय?

यात परवाना महावितरणकडेच राहतो. खासगी कंपनी महावितरणकडून वीज घेऊन ती ग्राहकांना पुरवते, देखभाल आणि बिलवसुली करते. दर मात्र राज्य वीज नियामक आयोगच ठरवतो. भिवंडीत टोरंट पॉवरने २००७ मध्ये हे काम घेतले. २०२० मध्ये नवी मुंबईला लागून असलेला कळवा-मुंब्रा-शीळ भागही तिच्याकडे गेला. औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर येथे मात्र २०११ मध्ये सुरू झालेले प्रयोग अनुक्रमे २०१४, २०१५ आणि २०१९ मध्ये संपले व काम महावितरणकडे परत आले.

समांतर परवान्याचा वाद

२००३ च्या कायद्यानुसार एकाच भागात दोन कंपन्यांना वितरणाचा परवाना मिळू शकतो. मुंबई उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर यांतून निवड करता येते, ती याचमुळे. २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने नवी मुंबई, ठाणे, भांडुप, मुलुंड, पनवेल, उरण, तळोजा या भागांसाठी असाच परवाना मागितला. कोपरखैरणे याच पट्ट्यात येते.

याविरोधात वीज कर्मचारी संघटनांनी ४ जानेवारी २०२३ पासून तीन दिवसांचा संप पुकारला. तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी खासगीकरण करणार नसल्याचे सांगितल्यावर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला.

नेमके पणाला काय लागले आहे?

उद्योग आणि व्यापारी ग्राहक जादा दर देतात. त्यातून शेतीपंप आणि गरीब घरांच्या स्वस्त विजेचा काही भार उचलला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि नवी मुंबईची वसाहत म्हणजे वेळेवर व जास्त बिल भरणारे ग्राहक. ते दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर विदर्भ-मराठवाड्यातील शेतीपंपांचा भार कोण उचलणार, हा विरोधकांचा प्रश्न आहे. स्पर्धा आली तर सेवा सुधारेल आणि ग्राहकाला निवड मिळेल, असे समर्थक म्हणतात.

बातमी वाचताना

'वीज खासगी झाली' असा मेसेज आला, तर तीन गोष्टी तपासा : परवाना कोणाकडे आहे, तारांचे जाळे कोणाचे आहे आणि कंपनीचे शेअर कोणाकडे आहेत. फ्रँचायझीत फक्त कामकाज खासगी हातात जाते. समांतर परवान्यात महावितरणला स्पर्धक मिळतो, पण ती सरकारीच राहते. मालकी बदलते ती शेअर विकल्यावर.