विकलं, पण बोलले नाहीत

‘मालक विकतोय, पळा!’ हे बाजारात नेहमी ऐकू येतं. मला मात्र दाभोळमुळे आपल्या ओळखीची झालेली अमेरिकन एन्रॉन आठवते.

२६ सप्टेंबर २००१ला अध्यक्ष केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, शेअर स्वस्त आहे, मीही घेतलाय. त्याआधी कंपनीकडून घेतलेली उचल फेडायला त्यांनी कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीलाच विकले होते, हे सांगितलं नाही. अशी विक्री तेव्हा वर्ष संपल्यावर जाहीर केली तरी चालायची.

२ डिसेंबरला दिवाळखोरी. कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये होती.

२००२च्या कायद्याने मुदत दोन कामकाजी दिवसांवर आणली.

घर, कर, कर्ज यांसाठी कुणीही विकतं. मी बघतो, बोलणं आणि विक्री जुळते का.